स्विमिंग पूल गोठायला लागला तर काय करायचं: गोव्यातल्या एका पूलवाल्याकडून

१५ फेब्रुवारी २०२१, सोमवार. रात्रीचे साडेआठ वाजले असतील. इकडे कार्निव्हलचे दिवस, म्हापशाहून डिचोलीला यायला ट्रॅफिकमुळे उशीर झालेला, मी हातपाय धुवून नुकताच बसलो होतो आणि भाचीचा व्हिडिओ कॉल आला. ती टेक्सासमध्ये डॅलसजवळ राहते, तिकडे सकाळचे नऊ. अंगात दोन स्वेटर, वरून नवऱ्याचं जॅकेट आणि घरात बसून बोलतेय तरी तोंडातून वाफ निघतेय. मध्यरात्रीनंतर लाईट गेली ती परत आलीच नाही म्हणाली. "मामा, घरात आम्ही कसंतरी भागवतोय, पण मागे पूल गोठायला लागलाय, पंप बंद आहे. शेजारचे म्हणतात पूल रिकामा करून टाका. करू का?"

मी म्हटलं, बाय, पूल आहे तसा राहू दे. पाईप रिकामे कर.

त्या रात्री व्हिडिओवर नुसतं काय करायचं ते सांगितलं, का करायचं ते समजवायला वेळ नव्हता, कारण सगळ्यांच्या मोबाईलची बॅटरी संपत आलेली. पण त्यानंतर दर वर्षी डिसेंबर आला की कुणी ना कुणी विचारतंच, कुणाचा मुलगा न्यू जर्सीत, कुणाची मुलगी टोरांटोजवळ, घर घेतलं त्यात पूल आला आणि आता थंडीत त्याचं काय करायचं. म्हणून एकदा नीट मराठीत लिहून काढतोय.

मी बार्देशात व्हिलांचे पूल सांभाळतो, शिवोली, आसगाव, हणजूण हा माझा पट्टा. आपल्याकडे जानेवारीतली पहाट म्हणजे १८-२० डिग्री, त्यात सुद्धा आपण कानाला मफलर लावतो. म्हणजे पाणी गोठणं हा माझ्या रोजच्या कामातला विषय नाही. पण पंप तोच, फिल्टर तोच, व्हॉल्व्ह तेच, पाईपही तेच पांढरे पीव्हीसीचे, आणि पाणी तर सगळीकडे सारखंच वागतं. भाचीच्या निमित्ताने मी हे सगळं मुळापासून शिकून घेतलं, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात तिच्या नणंदेकडे न्यू जर्सीला गेलो होतो तेव्हा पूल बंद करायला आलेल्या माणसांबरोबर दिवसभर उभा राहून डोळ्यांनी बघून आलो.

आधी पाणी गोठतं म्हणजे नेमकं काय होतं ते बघू, कारण हे डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप कळतं.

लिंबू सोड्याची काचेची बाटली कुणीतरी लवकर गार व्हावी म्हणून फ्रीजरमध्ये ठेवतो आणि विसरतो, सकाळी दार उघडलं की काचा. हे जवळपास प्रत्येक घरात एकदा तरी झालेलं असतं. बाकीच्या बहुतेक वस्तू गार झाल्या की आकसतात, पाणी मात्र गोठताना फुगतं, साधारण ९ टक्के. १०० लिटर पाण्याचा १०९ लिटर बर्फ. हे जास्तीचे ९ लिटर कुठेतरी जायला पाहिजेत, जागा असली तर तिकडे जातात, नसली तर जागा करून घेतात, मग मध्ये काच असो, पितळ असो की पीव्हीसी.

आता पूल बघा. पूल वरून उघडा आहे. शिवाय पाण्याची अजून एक खोड अशी की ते सगळ्यात जड असतं ४ डिग्रीला, त्याहून गार झालं की परत हलकं होऊन वर येतं. म्हणून तळी वरून गोठतात, खालून नाही. वर बर्फाची साय धरते आणि खाली ४ डिग्रीच्या आसपासचं पाणी तसंच पातळ राहतं. म्हणजे एवढी मोठी टाकी एका रात्रीत दगड होत नाही. ३० बाय १५ फुटांचा मध्यम पूल घेतला तर त्यात सुमारे ६० हजार लिटर पाणी असतं, ते नुसतं १ डिग्रीने गार व्हायला जेवढी उष्णता बाहेर जावी लागते तेवढी तयार करायला २ किलोवॅटचा गीझर ३५ तास सतत चालवावा लागेल. आणि शून्याला पोचल्यावर गोठायला आणखी कितीतरी जास्त, १ किलो पाणी गोठताना जेवढी उष्णता सोडतं तेवढ्यात तेच पाणी शून्यापासून ८० डिग्रीपर्यंत तापलं असतं. तेव्हा पूल हा तुमचा सगळ्यात मोठा उष्णतेचा साठा आहे, त्याला घाबरायचं नाही, उलट त्याचा उपयोग करून घ्यायचा.

पाईपचं उलटं. दोन इंची पाईपमध्ये एका मीटरला जेमतेम दोन लिटर पाणी, चारी बाजूंनी गार वारा, त्यात वरून बंद. पंप थांबला की हे पाणी काही तासांतच शून्याला येतं.

इथे एक गोष्ट लोकांना चुकीची माहीत असते. वाटतं की बर्फ जिथे झाला तिथे पाईप फुटतो. बऱ्याचदा तसं होत नाही. आधी वाऱ्याला लागलेल्या एखाद्या एल्बोमध्ये, म्हणजे वळणाच्या जोडात, बर्फाचं बूच तयार होतं, मग ते बूच पाईपच्या लांबीने वाढत जातं आणि पुढच्या पातळ पाण्याला ढकलत जातं. पुढे पाईप पूलमध्ये उघडत असेल तर ते पाणी पूलमध्ये सरकतं आणि काही बिघडत नाही. पण पुढे बंद व्हॉल्व्ह असेल तर ते पाणी मध्ये कोंडलं गेलं, मागून बर्फ रेटतोय, पुढे रस्ता नाही. दोन इंची शेड्युल ४० पाईपचं रेटिंग साधारण १९ बार असतं, म्हणजे गाडीच्या टायरमधल्या हवेच्या आठ-नऊपट, आपल्याला वाटतं बक्कळ झालं. बर्फाचा रेटा शेकडो बारपर्यंत जाऊ शकतो. तेव्हा जाड पाईप टाकला, चांगला व्हॉल्व्ह टाकला, याने सुटका नाही. कोंडलेलं पाणी नको, एवढाच उपाय.

आणि पाणी कोंडलेलं राहू नये याचे रस्ते दोनच, एक तर ते सतत हलतं ठेवा, नाहीतर तिथून काढून टाका. टेक्साससारख्या भागात, जिथे गोठवणारी थंडी वर्षात मोजके दिवस येते, तिथे पहिला रस्ता. न्यू जर्सी, मिशिगन, कॅनडा, जिथे महिनोन्महिने बर्फ, तिथे दुसरा. भाचीला त्या आठवड्यात पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारावी लागली.

पहिला रस्ता सोपा आहे. हवेचं तापमान ३ डिग्रीच्या आसपास आलं की पंप चालू, आणि ते वर जाईपर्यंत बंद करायचाच नाही. तिकडे बऱ्याच पूलना यासाठी सेन्सर असतो, फ्रीझ गार्ड म्हणतात, तो हवा मोजतो आणि आपोआप पंप लावतो. नसेल तर हाताने लावायचा. मी वर म्हटलं ना पूल म्हणजे उष्णतेचा साठा, तर पंप ते तळातलं ४-५-६ डिग्रीचं पाणी उचलून पाईपमधून, फिल्टरमधून, हीटरमधून फिरवतो, पाईपला गार व्हायला वेळच देत नाही. दोन चुका लोक करतात. एक म्हणजे टायमर तसाच ठेवतात, दिवसा आठ तास पंप आणि रात्री बंद, आणि गोठतं तर रात्रीच. दुसरी, पंप चालू आहे म्हणून निर्धास्त राहतात पण धबधब्याची लाईन, स्पाची लाईन, क्लीनरची लाईन यांचे व्हॉल्व्ह बंद असतात. त्या फांद्यांमध्ये पाणी उभंच आहे. सगळे व्हॉल्व्ह थोडे थोडे उघडून प्रत्येक फांदीत धार चालू पाहिजे, जोर नसला तरी चालेल. स्किमरमध्ये, म्हणजे पूलच्या कडेच्या ज्या खोक्यातून वरचं पाणी पंपाकडे ओढलं जातं त्यात, पानं अडकलेली नाहीत ना आणि पाण्याची पातळी स्किमरच्या तोंडाच्या मध्यावर आहे ना तेही बघायचं, नाहीतर पंप हवा ओढेल आणि नेमका नको तेव्हा थांबेल. लाईट बिलाची काळजी त्या तीन-चार रात्री करू नका, एका हीटरच्या किमतीत कितीतरी वर्षांचं ते बिल निघेल.

पण हा सगळा डोलारा विजेवर उभा आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये नेमकं तेच झालं, थंडीमुळे विजेची मागणी चढली आणि त्याच थंडीने वीज तयार करणारी यंत्रणाच गोठली, टेक्सासमध्ये ४५ लाखांहून जास्त घरं-दुकानं अंधारात गेली. दुसऱ्या दिवशी, १६ तारखेला, डॅलसच्या एअरपोर्टवर पारा उणे १९ डिग्रीला उतरला. चांगले चांगले फ्रीझ गार्ड होते, पण पंपाला करंटच नाही तर सेन्सर काय करणार.

तर लाईट गेली आणि बाहेर शून्याखाली आहे, आता काय. भाचीकडून व्हिडिओवर जे करून घेतलं तेच क्रमाने सांगतो.

सगळ्यात आधी पूलच्या सामानाचा ब्रेकर खाली पाडायचा. लाईट नाहीये तरी पाडायचा. कारण आपण आता पंपातलं पाणी काढणार आणि पहाटे अचानक लाईट आली तर पंप कोरडाच फिरेल, सील जळेल. हीटर गॅसचा असेल तर त्याचा गॅसचा कॉक बंद.

मग सगळे व्हॉल्व्ह अर्धे उघडे ठेवायचे, पूर्ण इकडे नाही पूर्ण तिकडे नाही, म्हणजे कुठलीच लाईन कोंडलेली राहत नाही. पण एक बघायचं. पंप-फिल्टर जर पूलच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली बसवलेले असतील तर बूच काढल्याबरोबर पूलच तिथून वाहायला लागेल, अशा ठिकाणी पूलकडून येणाऱ्या आणि जाणाऱ्या लाईन आधी बंद कराव्या लागतात. भाचीचं सामान पातळीच्या वर होतं, त्यामुळे ती अडचण आली नाही.

फिल्टरच्या डोक्यावर हवेची छोटी चावी असते, ती सोडायची, सुस्स आवाज करत हवा आत जाते. हे आधी करायचं, नाहीतर खालचं बूच काढलं तरी पाणी उतरत नाही, तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं की तेल अडतं तसं. मग फिल्टरच्या बुडाचं बूच. मग पंपाची बुचं, साधारण दोन असतात, एक जाळीच्या भांड्याखाली आणि एक पंपाच्या पोटाखाली, इम्पेलरच्या म्हणजे पाणी ढकलणाऱ्या पंख्याच्या बाजूला. दुसरं लोकांना दिसतच नाही. भाचीच्या पंपाचं ते दुसरं बूच इतकं गच्च बसलेलं की हाताने हलेना, बोटं थंडीने बधिर झालेली, शेवटी स्वयंपाकघरातली भाकरी उलटायची चिमट्यासारखी पकड आणली आणि तिने फिरवलं. काळं, अंगठ्याच्या नखाएवढं प्लास्टिकचं बूच, पण ते निघालं आणि बर्फाच्या चुऱ्यासकट पाणी भळभळ बाहेर आलं, म्हणजे अजून तासभर उशीर झाला असता तर गेलाच होता पंप. ती सगळी बुचं पंपाच्याच जाळीत टाकून वर झाकण लावायला सांगितलं, म्हणजे परत लावताना शोधाशोध नाही आणि पंप चालू करायच्या आधी झाकण उघडावंच लागतं तेव्हा ती समोर येतात.

मग हीटर. यात तांब्याच्या बारीक नळ्या असतात, अख्ख्या सामानात सगळ्यात महाग हाच आणि फुटायला सगळ्यात आधी तयार हाच. त्यालाही खाली बुचं असतात, मॉडेलप्रमाणे एक किंवा दोन. क्लोरीनच्या गोळ्यांचं भांडं असेल तर तेही रिकामं, पण हातमोजे घालून आणि तोंड बाजूला ठेवून, त्यात साठलेला वास छातीत बसतो. त्या गोळ्या काढून पावडर क्लोरीनच्या डब्यात कधीही टाकायच्या नाहीत, दोन्ही क्लोरीनच असलं तरी एकत्र आले की भडका उडू शकतो. प्रेशर गेज फिरवून काढून घरात ठेवायचं.

एवढं झाल्यावर जे उघड्यावरचे पाईप उरले त्यांच्यावर जुन्या चादरी, टॉवेल, वरून प्लास्टिक. याने गरमी तयार होत नाही, फक्त गार व्हायचा वेग कमी होतो, म्हणजे एका रात्रीचा प्रश्न असेल तर उपयोगी, चार रात्रींचा असेल तर नाही. चालू मोटरवर मात्र गोधडी टाकू नका, तिला हवा लागते.

आणि पूलचा विषय नाही तरी सांगतो, कारण त्या आठवड्यात टेक्सासमध्ये यानेही माणसं गेली: जनरेटर घरात किंवा गॅरेजमध्ये लावायचा नाही, गॅरेजमध्ये गाडी चालू करून ऊब घेत बसायचं नाही. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. पूल गेला तर परत बांधता येतो.

भाचीचा पंप वाचला, फिल्टर वाचला, हीटर वाचला. एक गोष्ट राहिली आणि ती माझ्या डोक्यातून निसटली. तिच्याकडे पूल साफ करणाऱ्या मशीनसाठी वेगळा छोटा बूस्टर पंप होता, झुडुपामागे, कॅमेऱ्यात आला नाही आणि मी विचारलं नाही. त्याच्या पोटाला बोटभर चीर गेली. आणि ती कळली कधी, तर पाच दिवसांनी ऊन पडल्यावर, कारण गोठलेलं असताना बर्फच बूच होऊन बसलेला असतो, गळती वितळल्यावर सुरू होते. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो की थंडी यायच्या आधी, नोव्हेंबरातच, एकदा उन्हात उभं राहून आपल्या सामानाचा फोटो काढा आणि प्रत्येक बुचावर खडूने गोल करा.

आता दुसरा रस्ता, कायमच्या थंडीतला. न्यू जर्सीला याला पूल बंद करणं म्हणतात आणि सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरात सगळीकडे तेच चाललेलं असतं, जसं आपल्याकडे मे महिन्याच्या शेवटी कौलं आणि पत्रे बघायची घाई असते तसं. पाणी १५-१८ डिग्रीच्या खाली उतरलं की बंद करायचं, त्याआधी केलं तर झाकणाखाली शेवाळ धरतं. बंद करायच्या आठवड्यात पाण्याचा पीएच, अल्कलिनिटी, कॅल्शियम बरोबर करून घेतात, कारण गार पाणी कॅल्शियमला भुकेलं असतं, पाण्यात कमी असलं तर प्लास्टरमधून खातं आणि पाच-सहा महिने खात बसतं.

मला सगळ्यात आवडलं ते पाईपमध्ये हवा मारणं. मोठा ब्लोअर आणून तो पंपाच्या जागी जोडला आणि एकेक लाईन उघडत गेले. पूलच्या भिंतीतल्या रिटर्नच्या, म्हणजे फिल्टरमधून पाणी परत येतं त्या, तोंडातून आधी जोरात पाणी, मग पाणी-हवा मिसळून थुंकल्यासारखं, मग नुसते फुगे. फुगे चालू असतानाच त्या माणसाने थंडगार पाण्यात खांद्यापर्यंत हात घालून रबरी बूच दाबून आवळलं, म्हणजे पाणी परत आत शिरायच्या आधी. असे चार रिटर्न. मग राहिली मेन ड्रेन, ती पूलच्या तळाला, आठ फूट पाण्याखाली, तिथे बूच लावायला कोण जाणार. तिथे युक्ती वेगळी. हवा मारत राहिले, आणि मिनिटभराने पूलच्या मधोमध खालून मोठा बुडबुडा वर आला, पाठोपाठ दुसरा, तिसरा, अख्खं पाणी उकळल्यासारखं. त्या क्षणी वरचा व्हॉल्व्ह बंद. शहाळ्यातली स्ट्रॉ घ्या, वरचं तोंड अंगठ्याने दाबून धरा आणि पाण्यात घाला, पाणी आत चढत नाही कारण आतल्या हवेला बाहेर पडायला वाट नाही. मेन ड्रेनचं तेच. वरच्या भागात हवा अडकली, पाणी खोल जमिनीतच राहिलं. तिथे जमीन वरून दोन-अडीच फुटांपर्यंत गोठू शकते, त्याच्या खालचा पाईप सुरक्षित असतो.

जिथे हवा मारून पाणी गेल्याची खात्री नाही तिथे अँटिफ्रीझ ओततात. हे समजायला गोवेकराला पुस्तक नको. काजूची फेणी फ्रीजरमध्ये ठेवा, महिनाभर ठेवा, गोठत नाही, थोडी दाट झाल्यासारखी वाटते इतकंच. तीच हुर्राक, म्हणजे काजूचीच हलकी दारू, ठेवली तर तिचा बर्फाचा चुरा होतो. फरक कशाचा, तर अल्कोहोल किती आहे त्याचा, फेणीत ४० टक्क्यांच्या वर, हुर्राकमध्ये साधारण १५. पाण्यात दुसरं काही पुरेसं मिसळलं की त्याला गोठायला आणखी थंडी लागते. पूलचं अँटिफ्रीझ म्हणजे प्रोपिलीन ग्लायकॉल, गुलाबी रंगाचं, आणि त्याचंही फेणी-हुर्राकसारखंच आहे: पाईपमध्ये आधीच पाणी साठलेलं असेल आणि त्यावर तुम्ही हे ओतलं तर ते पातळ होतं आणि लेबलवरचा आकडा खरा राहत नाही. म्हणून आधी हवा मारायची, मग हे. आणि गाडीच्या रेडिएटरचं अँटिफ्रीझ अजिबात वापरायचं नाही, त्यात बहुतेक वेळा इथिलीन ग्लायकॉल असतं, ते विषारी, चव गोडसर, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

स्किमरच्या खोक्यात एक प्लास्टिकची बाटली, तळाला थोडे खडे घालून, झाकण घट्ट लावून उभी करून ठेवतात. तिथे साचलेलं पाणी गोठून फुगलं की भिंतीला रेटण्याऐवजी बाटलीला चेपतं. इतका साधा उपाय, पण स्किमर फुटला तर आजूबाजूचं काँक्रीट फोडावं लागतं. फिल्टरवर मल्टीपोर्ट व्हॉल्व्ह, म्हणजे एकाच दांड्याने पाण्याचा रस्ता बदलणारा व्हॉल्व्ह, असेल तर त्याला विंटर नावाची एक जागाच असते, दांडा तिथे आणला की आतल्या कुठल्याच खणात पाणी कोंडत नाही. आपल्याकडे माझ्या पोरांना ती जागा कशासाठी आहे ते कुणी सांगितलेलंच नसतं, मलाही कितीतरी वर्षं माहीत नव्हतं.

मग झाकण. जाळीचं असो की बंद, चारी बाजूंनी ताणून बसलेलं पाहिजे. बंद झाकणावर पावसाचं, बर्फाचं पाणी साचतं ते छोट्या पंपाने काढत राहायचं, साचलेल्या अर्ध्या फूट पाण्यात सुद्धा लहान मूल बुडू शकतं. पूलवरच्या बर्फावर कुणी पाऊल टाकायचं नाही, कितीही जाड दिसू दे. आणि बर्फ हातोड्याने फोडायला जाऊ नका, त्या धक्क्याने भिंतीच्या टाइल्स आणि प्लास्टर उडतं.

आता शेजाऱ्यांच्या त्या सल्ल्याकडे येतो, पूल रिकामा करा. न्यू जर्सीवाले सुद्धा पाणी फक्त स्किमरच्या तोंडाखाली काही इंच उतरवतात, बाकी पूल भरलेलाच ठेवतात. का, ते मला टेक्सासमध्ये नाही, शिवोलीत शिकायला मिळालं.

काही वर्षांपूर्वीचा जुलै. नदीच्या बाजूला सखल जागेत एक बंगला, फायबरचा तयार पूल जमिनीत बसवलेला. मालक बाहेरचे, त्यांनी परदेशातला कुठला तरी व्हिडिओ बघितला आणि पावसाळ्यात पूल बंद ठेवायचाय तर रिकामाच करून टाकू म्हणून पंप लावून एका दिवसात कोरडा केला. मला फोन आला दुसऱ्या दिवशी सकाळी. जाऊन बघतो तर अख्खा पूल एका बाजूने वीतभर वर आलेला, कडेच्या लाद्या उलट्या झालेल्या, पाईप जोडाजोडावर तुटलेले, आणि खालून गढूळ पाणी वर येतंय. शेजारच्या विहिरीत डोकावलो तर पाणी वाकून हाताला लागेल इतकं वर. म्हणजे जमिनीतलं पाणीही त्याच उंचीला होतं आणि त्यात हा रिकामा पूल होडीसारखा तरंगला.

काँक्रीटचा पूल जड असतो म्हणून तो तरंगत नाही असं वाटतं, तर हिशोब करू. तळाच्या वर १ मीटर भूजल असेल तर ते तळाच्या प्रत्येक चौरस मीटरला १ टनाने वर ढकलतं. सहा इंच जाड काँक्रीटचा तळ भरतो चौरस मीटरला ३६० किलो. भिंतींचं वजन मिळवलं तरी कमी पडू शकतं, आणि मग तळाला तडा जातो किंवा सगळंच उचललं जातं. आतलं पाणी हेच पूलला खाली धरून ठेवणारं वजन आहे. गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, चिऱ्याच्या जमिनीतून झिरपून विहिरी काठोकाठ भरतात, तिकडे बर्फ वितळला की तेच होतं. शिवाय त्यांच्याकडे गोठलेली माती फुगून बाजूने भिंतींना रेटते, आत पाणी असेल तर ते उलटा रेटा देतं. आणि व्हिनाइलचं अस्तर असलेला पूल कोरडा केला तर अस्तर आकसतं, परत भरताना कोपऱ्यात फाटतं.

काही पूलच्या तळाला एक झडप असते, बाहेरच्या पाण्याचा दाब वाढला की उघडून ते पाणी आत घेते. आहे तर चांगलंच, पण तिच्या भरवशावर जून ते सप्टेंबर पूल रिकामा करू नका, कचऱ्याने ती अडकते आणि अडकलीय हे वरून दिसत नाही. आपल्याकडे साफसफाईसाठी रिकामा करायचाच असेल तर एप्रिल-मे, विहीर खोल गेलेली असताना.

राहता राहिलं थंडी ओसरल्यावरचं. पाईप गोठलेलेच आहेत आणि लाईट आली तर लगेच पंप लावू नका, आधी वितळू द्या. घाई असेल तर हेअर ड्रायर किंवा कोमट पाण्यात भिजवलेले टॉवेल, उकळतं पाणी नाही, ज्योत तर नाहीच, पीव्हीसी वाकतं. मग जाळीतली बुचं मोजून परत लावायची, त्यांच्या गॅस्केट म्हणजे रबरी रिंगा पुसून, प्रेशर गेज लावून. जाळीचं भांडं पाण्याने भरायचं, झाकण लावायचं, फिल्टरवरची हवेची चावी उघडी ठेवून ब्रेकर वर करायचा, चावीतून हवा जाऊन पाण्याची सलग धार आली की ती बंद. हीटर त्या दिवशी लावायचा नाही. टॉर्च घेऊन प्रत्येक जोडाखालून हात फिरवायचा, ओलं लागतंय का. दुसऱ्या दिवशी सकाळी परत फिरवायचा, कारण केसाएवढी चीर पहिल्या तासात कळत नाही. आणि झुडुपामागे बूस्टर पंप असेल तर तिथेही वाकून बघा.